नाव बदललेले इंजेक्शन



संधिवात, सोरायसिस, आतड्यांची सूज, स्तनाचा कर्करोग, डोळ्याच्या पडद्याचा विकार, मूत्रपिंडे थकल्यावर येणारा रक्तक्षय अशा दुखण्यांवर हल्ली जी महागडी इंजेक्शने देतात, त्यांच्या बाबतीत इथे न्यूझीलंडमध्ये एक गोष्ट वरचेवर घडते. इंजेक्शन छान लागू पडलेले असते आणि एक दिवस दवाखान्यातून पत्र येते की अमुक महिन्यापासून तुम्हाला हेच औषध दुसऱ्या नावाने मिळेल. डबा वेगळा, टोचायच्या पेनाचा रंग वेगळा, कंपनी वेगळी. पत्र इंग्रजीत असते. मुलगा-सून कामावर गेलेली असतात, आणि आपण ते पत्र हातात धरून बसतो.

आपल्या ज्येष्ठ मंडळींत यावर दोन तऱ्हा दिसतात. काही जण म्हणतात, "सरकारने पैसे वाचवायला हलका माल माथी मारला. मला जुनेच हवे, नाहीतर काही नको." आणि खरोखरच इंजेक्शन बंद करतात. दुसरे काही जण हाती येईल ते मुकाट्याने टोचून घेतात. नाव बदलले आहे हेही त्यांच्या ध्यानात नसते. माझे मत असे की दोन्ही गोष्टी चुकीच्या आहेत. नाव बदलले एवढ्याच कारणाने औषध नाकारू नये, आणि चार प्रश्न विचारल्याशिवाय बदल स्वीकारूही नये. असे का म्हणते ते पटायला ही औषधे तयार कशी होतात हे थोडे समजून घ्यावे लागेल. न्यूझीलंडच्या निमित्ताने लिहीत असले तरी हे अलिबाग-पेणपासून अश्दोद-दिमोनापर्यंतच्या आपल्या सगळ्या वाचकांच्या उपयोगाचे आहे, कारण नाव बदललेली इंजेक्शने आता सगळीकडेच येत आहेत.

हे औषध बनवत नाहीत, वाढवतात

तापावरची पॅरासिटामॉलची गोळी रसायने एकत्र करून बनते. तिच्या एका रेणूत सगळे मिळून २० अणू. मुंबईत बनवा नाहीतर ऑकलंडमध्ये, रेणू अगदी तोच. वर सांगितलेल्या इंजेक्शनांतले औषध मात्र प्रथिन असते. त्यातल्या अँटिबॉडी जातीच्या एका रेणूत वीस हजारांच्या आसपास अणू असतात, आणि ते नुसते जोडलेले नसतात, ठरावीक घड्या घालून बसवलेले असतात. असला रेणू प्रयोगशाळेत एकेक अणू जोडून कोणाला करता येत नाही. ते काम जिवंत पेशीच करू जाणे.

मधुमेहाचे इन्शुलिन १९८२ पासून जंतूंकडून करून घेतात. माणसाचे इन्शुलिनचे जनुक, म्हणजे ते बनवण्याची कृती, जंतूत घातली की जंतू इन्शुलिन बनवतो. पण इन्शुलिन हे लहान व साधे प्रथिन. आपल्या शरीरातल्या पुष्कळ प्रथिनांवर साखरेच्या बारीक साखळ्या लटकवलेल्या असतात, आणि त्या योग्य जागी नसतील तर प्रथिन नीट काम देत नाही. रक्त वाढवणारे एरिथ्रोपोएटिन घ्या. डायलिसिसवर असलेल्यांना ते चांगले माहीत असते. त्याच्या वजनाचा सुमारे ४० टक्के भाग या साखळ्यांचा असतो. त्या काढल्या तर शरीर ते औषध रक्तातून झटपट काढून टाकते. साध्या जंतूला या साखळ्या आपल्यासारख्या लावता येत नाहीत. त्यासाठी दूध पाजणाऱ्या प्राण्याची, म्हणजे सस्तन प्राण्याची पेशी लागते.

अशी पेशी हाताशी नव्हती तेव्हा काय करावे लागे? शिकागोचे युजीन गोल्डवासर यांनी १९७७ मध्ये हेच एरिथ्रोपोएटिन प्रथमच शुद्ध स्वरूपात मिळवले. त्यासाठी जपानमधल्या रक्तक्षयाच्या रोग्यांची सुमारे २,५०० लिटर लघवी गोळा करावी लागली, आणि हाती आले काही मिलिग्रॅम. एवढ्यावर जगातल्या डायलिसिसच्या रुग्णांचे कसे भागणार?

चिनी हॅमस्टरची पेशी

आज या कामाला सर्वांत जास्त वापरतात ती पेशी चिनी हॅमस्टर नावाच्या, उंदराच्या कुळातल्या छोट्या प्राण्याच्या बीजांडकोशातली आहे. चीनमधल्या यादवीच्या अखेरच्या दिवसांत, १९४८ मध्ये, असे थोडे हॅमस्टर एका पेटीतून देशाबाहेर काढून अमेरिकेत नेले गेले. १९५७ मध्ये डेन्व्हरच्या थिओडोर पक यांनी एका मादीच्या बीजांडकोशातल्या पेशी काचेच्या बशीत वाढवल्या. त्या मेल्याच नाहीत. वाढत राहिल्या, विभागत राहिल्या. त्यांचीच पिढ्यान्‌पिढ्यांची संतती आज जगभरच्या औषध कारखान्यांत काम करते आहे. त्या मूळ पेशी काढल्यापासून नव्या हॅमस्टरची गरजच लागलेली नाही.

पण हॅमस्टरची पेशी माणसाचे प्रथिन का म्हणून बनवील? ती चलाखी समजून घेण्यासारखी आहे, आणि संधिवातासाठी आठवड्यातून एकदा मेथोट्रेक्सेटची गोळी घेणाऱ्यांना तर ती खास आवडेल.

प्रत्येक पेशीला विभागून दोन व्हायचे तर डीएचएफआर नावाचे एक प्रथिन लागते. न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेल उर्लाब आणि लॉरेन्स चेसिन यांनी १९८० मध्ये अशी हॅमस्टर पेशी तयार केली की जिच्यात हे प्रथिनच बनत नाही. बाहेरून खाद्य पुरवले तरच ती जगते. आता माणसाच्या औषधी प्रथिनाची कृती आणि डीएचएफआरची कृती या दोन्ही एकमेकींना बांधून त्या पेशीत सोडतात. मग बाहेरचे खाद्य बंद करतात. ज्या पेशींनी ही जोडी आत घेतली त्या तगतात, बाकीच्या मरतात. पुढे त्यात थोडे मेथोट्रेक्सेट घालतात. मेथोट्रेक्सेट डीएचएफआरचे काम अडवते. तेव्हा तगून राहायला पेशीला त्या कृतीच्या जास्त नकला कराव्या लागतात, आणि तिला बांधलेल्या औषधाच्या कृतीच्या नकलाही आपोआप वाढतात. मेथोट्रेक्सेट पायरीपायरीने वाढवत नेले की शेवटी ज्या पेशी उरतात त्या औषधाचे प्रथिन भरभरून बनवणाऱ्या असतात. आता याहून नव्या युक्त्याही निघाल्या आहेत, पण चाल तीच: पेशीला आपल्या कामाची भागीदार करायचे आणि कामसू तेवढ्याच ठेवायच्या.

अशा हजारो पेशींतून एकच उत्तम पेशी निवडतात. तिची संतती वाढवून शेकडो छोट्या कुप्यांत भरतात आणि द्रवरूप नायट्रोजनच्या थंडीत गोठवून ठेवतात. हे त्या कंपनीचे विरजण. आपल्या आया-आज्या विरजणाची वाटी सांभाळून ठेवत, तसेच. औषध करायचे तेव्हा एक कुपी काढायची, पेशी वाढवत वाढवत हजारो लिटरच्या पोलादी टाकीत न्यायच्या, दोनएक आठवडे ऊब आणि खाद्य द्यायचे. पेशी प्रथिन बाहेर सोडतात. मग पेशी बाजूला काढून ते पाणी अनेक प्रकारे गाळायचे, विषाणू मारायचे, हॅमस्टरचे स्वतःचे प्रथिन जवळजवळ पूर्ण काढून टाकायचे. घाण्यातून निघालेले तेल निवळून, गाळून मगच दारोदार विकायला जायचे, हे शनवार तेल्यांच्या वंशजांना सांगायला नको.

या रीतीने बनलेले पहिले औषध १९८७ मध्ये अमेरिकेत मंजूर झाले. ते म्हणजे हृदयविकाराच्या झटक्यात रक्ताची गुठळी विरघळवणारे इंजेक्शन. एरिथ्रोपोएटिन १९८९ मध्ये आले. त्या काळी लिटरभर पाण्यातून मोठ्या कष्टाने थोडे मिलिग्रॅम औषध निघे. आता कित्येक ग्रॅम निघते. गुठळी विरघळवणाऱ्या औषधाची सुधारित जात, टेनेक्टेप्लेज, आपल्या पुण्याजवळ हिंजवडीची जेनोव्हा कंपनीही बनवते. हे मुद्दाम सांगते, कारण "इंडियाचे आहे का? मग नको," असे म्हणणारे आपल्यातच पुष्कळ आहेत.

कशेर आहे का?

हा प्रश्न आपल्या वाचकांच्या मनात येणारच, म्हणून टाळत नाही. तोराहमध्ये लेवीयच्या अकराव्या अध्यायात उंदीर अशुद्ध प्राण्यांत मोजला आहे. मग त्याच्या कुळातल्या प्राण्याच्या पेशीत वाढलेले औषध चालेल का? दोन गोष्टी ध्यानात घ्याव्या. इंजेक्शन म्हणजे खाणे नव्हे. आणि औषधात हॅमस्टरची पेशी नसते, तिने केलेले माणसाच्या घडणीचे प्रथिन असते. शिवाय जीव वाचवणे, पिकुआह नेफेश, हे कर्तव्य शब्बाथच्या नियमांहूनही वर ठेवले आहे. तरीही मनात किंतु राहिला तर आपल्या रब्बींना जरूर विचारावे. मात्र उत्तर येईपर्यंत डोस चुकवू नये.

न्यूझीलंडच्या मेंढ्या आणि शेळ्या

प्राण्याच्या पेशीकडून औषध करून घ्यायचे तर पेशी टाकीतच कशाला हवी, जिवंत प्राण्याच्या कासेतच का नको, असा विचारही जगात झाला, आणि त्यातला एक मोठा प्रयोग इथेच, वायकाटो भागातल्या व्हाकामारू गावाजवळ झाला. डॉली मेंढीच्या जन्मात रोझलिन संस्थेबरोबर भाग घेतलेली स्कॉटलंडची पीपीएल थेराप्युटिक्स ही कंपनी मेंढीच्या दुधातून माणसाचे एक प्रथिन, अल्फा-वन अँटिट्रिप्सिन, मिळवू पाहत होती. काही माणसांत ते जन्मतःच कमी असते आणि त्यांची फुप्फुसे हळूहळू खराब होतात. न्यूझीलंडच्या मेंढ्यांत स्क्रेपी नावाचा मेंदूचा रोग नाही, म्हणून कंपनी इथे आली. १९९९ मध्ये तिला १०,००० पर्यंत मेंढ्या पाळण्याची परवानगी मिळाली. इथे त्यावरून पुष्कळ वाद झाला. पुढे २००३ मध्ये भागीदार बायर कंपनीने हात आखडता घेतला, पीपीएल डबघाईला आली आणि तो सगळा कळप मारून टाकावा लागला. ते प्रथिन आजही दात्यांच्या रक्तातूनच काढतात.

दुसरा प्रयोग हॅमिल्टनजवळ रुआकुरा येथे ॲगरिसर्च या सरकारी संशोधन संस्थेने केला. त्यांच्या शेळ्यांनी दुधात सेटुक्सिमॅब हे कर्करोगावरचे औषध लिटरमागे सुमारे १० ग्रॅम दिले. हे २०१८ मध्ये जाहीर झाले. या औषधाची गोष्ट आपल्या विषयाला फार लागू आहे. बाजारातले सेटुक्सिमॅब हॅमस्टरच्या नव्हे, उंदराच्या एका पेशीत वाढवतात. ती पेशी अल्फा-गॅल नावाची एक साखर त्याला लावते, जी माणसाच्या शरीरात नसते. अमेरिकेच्या टेनेसी, नॉर्थ कॅरोलायना भागात हे औषध देऊ लागले तेव्हा पाचांतल्या एकाहून जास्त रुग्णांना पहिल्याच डोसला भयंकर ॲलर्जी झाली. नंतर कळले की तिकडच्या लोकांना एक जातीची गोचीड चावून त्या साखरेची ॲलर्जी आधीच झालेली होती. रुआकुराच्या शेळ्यांच्या औषधात ही साखर नव्हती.

यातून दोन बोध निघतात. पहिला असा की औषध कोणत्या पेशीत वाढले याने खरोखर फरक पडतो. तेव्हा जे रुग्ण बदलाला घाबरतात ते मूर्ख नाहीत. त्यांच्या भीतीला मूळ आहे. दुसरा असा की टाकीतली पेशी कळपापेक्षा का सरस ठरली हेही कळते. विरजणाची कुपी गोठवून ठेवता येते, दर बॅच तपासता येते, आवडली नाही तर ओतून देता येते. मेंढी ओतून देता येत नाही.

दुसऱ्याच्या घरचे विरजण

आता मूळ प्रश्नाकडे वळू. मूळ कंपनीचा पेटंटचा काळ संपला की दुसऱ्या कंपन्या तेच औषध बनवू शकतात. पण मूळ कंपनी आपले विरजण कोणाला देत नाही. दुसऱ्या कंपनीला नवी पेशी निवडून, नवे विरजण लावून तसेच प्रथिन काढावे लागते. म्हणून या औषधाला तंतोतंत नक्कल म्हणत नाहीत, बायोसिमिलर म्हणतात, म्हणजे अगदी सारखे. प्रथिनाची साखळी तीच असावी लागते. वर लटकलेल्या साखरेत बारीकसा फरक चालतो, पण त्याने परिणामात फरक पडत नाही हे प्रयोगशाळेत आणि रुग्णांवर दाखवावे लागते. इथे हे तपासण्याचे काम मेडसेफ करते.

"मग थोडा का होईना फरक आहेच ना?" आहे. पण तो मूळ कंपनीच्या औषधातही असतो. पेशी जिवंत आहेत. दर बॅचला साखर थोडी इकडेतिकडे होतेच. स्तनाच्या कर्करोगावरच्या हर्सेप्टिनच्या काही बॅचमध्ये साखरेच्या साखळ्या आणि त्यामुळे औषधाचा जोर थोडा बदलल्याचे २०१७ मध्ये कोरियातल्या शास्त्रज्ञांनी दाखवले. ते प्रतिस्पर्धी कंपनीचे होते हे ध्यानात ठेवूनही गोष्ट खरीच आहे. नाव तेच राहिले, डबा तोच राहिला, म्हणून कोणाला शंका आली नाही. आपण डब्याच्या रंगाला फार मान देतो.

रुग्णांवर काय दिसले? नॉर्वेत सरकारी पैशाने ४८२ रुग्णांची चाचणी झाली. ती २०१७ मध्ये प्रसिद्ध झाली. इन्फ्लिक्सिमॅबवर स्थिर असलेल्या निम्म्या लोकांना जुनेच औषध, निम्म्यांना बायोसिमिलर दिले. कोणाला काय मिळते ते रुग्णांनाही ठाऊक नव्हते, डॉक्टरांनाही नव्हते. वर्षभरात जुने घेणाऱ्यांपैकी २६ टक्के आणि नवे घेणाऱ्यांपैकी ३० टक्के लोकांचा आजार वाढला. हा फरक आधी ठरवलेल्या मर्यादेच्या आत होता. क्रोनच्या आजारात मात्र तो जरा जास्त दिसला. म्हणून केवळ क्रोनच्या रुग्णांवरची वेगळी चाचणी महत्त्वाची ठरली. ती २०१९ मध्ये प्रसिद्ध झाली आणि तिच्यात दोन्ही औषधे सारखीच निघाली. या आकड्यांतली एक गोष्ट विसरू नका: जुनेच औषध घेणाऱ्या शंभरांतल्या २६ जणांचाही आजार वाढला होता. त्यांचे औषध त्याच वेळी बदलले असते तर दोष नव्या डब्याला मिळाला असता.

भीतीचाही त्रास होतो

न्यूझीलंडला याचा मोठा धडा एका साध्या गोळीने दिला. ती पेशीत वाढवलेली नाही, थायरॉइडची एल्ट्रॉक्सिन. २००७ मध्ये तिचा कारखाना बदलला, गोळीचे रूप बदलले. आतले औषध तेच राहिले. आधीच्या ३० वर्षांत या गोळीबद्दल त्रासाच्या फक्त १४ तक्रारी आल्या होत्या. बदलानंतरच्या दीड वर्षात १,४०० हून जास्त आल्या. ऑकलंड विद्यापीठाच्या संशोधकांनी २००९ मध्ये याचा अभ्यास मांडला: वर्तमानपत्रांत आणि टीव्हीवर बातम्या येत तसतशा तक्रारी वाढत. डोकेदुखी, थकवा, अंग दुखणे ही दुखणी आपल्या वयात कोणाला नसतात? पण मनाने एकदा घेतले की नव्या गोळीने त्रास होणार, तर जुनेच दुखणे नव्याने जाणवू लागते. याला डॉक्टर नोसेबो म्हणतात. ते ढोंग नव्हे. त्रास खराच होतो, फक्त औषधाने नव्हे.

पण मी एकच बाजू सांगणार नाही. बदलाने खरोखर अपाय झाल्याचेही उदाहरण आहे. एप्रेक्स हे एरिथ्रोपोएटिनचे मूळ कंपनीचे इंजेक्शन. १९९८ मध्ये त्यात औषध टिकवण्यासाठी असलेले मानवी रक्तातले अल्ब्युमिन काढून दुसरा पदार्थ घातला. त्यानंतर युरोप, कॅनडा, ऑस्ट्रेलियात काही मूत्रपिंडाच्या रुग्णांच्या शरीराने औषधाविरुद्धच अँटिबॉडी बनवल्या, आणि त्या त्यांच्या स्वतःच्या एरिथ्रोपोएटिनवरही उलटल्या. रक्त बनणेच थांबले. असे दीडशेहून अधिक रुग्ण मोजले गेले. पुढे टोचण्याची रीत व साठवण सुधारली आणि हे प्रकार ओसरले. हा बदल बायोसिमिलरचा नव्हता. जुन्या, नावाजलेल्या ब्रँडचा होता. म्हणून माझे म्हणणे: ब्रँडचे नाव हे सुरक्षिततेचे प्रमाणपत्र नाही. सुरक्षितता येते ती लक्ष ठेवण्यातून, वेळेवर कळवण्यातून.

पैशाचा प्रश्न हलका नाही

"सरकार पैसे वाचवते" हा आरोप खरा आहे. पण वाचलेला पैसा कुठे जातो? न्यूझीलंडमध्ये औषधांची सरकारी खरेदी १९९३ पासून फार्मॅक ही संस्था ठरावीक रकमेत करते. याच रकमेपायी २००७ मध्ये फार्मॅकने स्तनाच्या सुरुवातीच्या कर्करोगासाठी हर्सेप्टिन १२ महिन्यांऐवजी फक्त ९ आठवडे द्यायचे ठरवले. बायका कोर्टात गेल्या. २००८ मध्ये कोर्टाने पुन्हा विचार करायला लावले, तरी फार्मॅकने उत्तर बदलले नाही. त्या वर्षाच्या निवडणुकीत हा प्रचाराचा मुद्दा झाला आणि नव्या सरकारने वर्षअखेरीस पूर्ण १२ महिन्यांचा खर्च उचलला. त्या दिवसांत घर गहाण ठेवावे की उपचार सोडावा, असा प्रश्न इथल्या कित्येक घरांत होता. आता तेच औषध कोरियाच्या कंपनीचे, हर्झुमा या नावाने, सरकारी खर्चाने मिळते.

ॲडालिमुमॅबचे तसेच झाले. मार्च २०२२ पासून हुमिराच्या जागी ॲमजेव्हिटा द्यायला सुरुवात झाली. दोन्ही हॅमस्टरच्या पेशींतच वाढतात. स्वस्त खरेदीमुळे फार्मॅकने आतड्यांच्या व इतर काही आजारांच्या अटी सैल केल्या, आणि आधी ज्यांना हे औषध मिळत नव्हते अशांनाही ते मिळू लागले. ज्यांना बदल खरोखर सोसला नाही त्यांच्यासाठी काही अटींवर जुन्याचा मार्गही ठेवला.

डोळ्यांचेही उदाहरण घ्या. म्हातारपणी डोळ्याच्या पडद्यामागे रक्तवाहिन्या फुटून नजर जाते, त्यावर इथल्या सरकारी रुग्णालयांत आधी ॲव्हास्टिन टोचत आले आहेत. मुळात ते कर्करोगाचे औषध, आणि ल्युसेंटिसपेक्षा कितीतरी स्वस्त. अमेरिकेत २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या सरकारी चाचणीत दोघांचा नजरेवरचा गुण सारखाच दिसला. स्वस्त म्हणून हलके, हा हिशेब इथे चालत नाही.

म्हणून मला वाटते, नवे नाव नाकारताना आपण फक्त आपल्यापुरते ठरवत नसतो. त्याच पैशातून रांगेतल्या पुढच्या कोणाला तरी औषध मिळायचे असते.

मग करायचे काय?

पत्र आले की मुलांपैकी कोणाकडून तरी नीट वाचून घ्या. डॉक्टरांना किंवा नर्सला चार गोष्टी विचारा. हे बायोसिमिलर आहे का आणि मेडसेफने मंजूर केले आहे का? पेन वेगळे असेल तर टोचायचे कसे, ते समोर करून दाखवाल का? त्रास झाला तर कोणाला, किती दिवसांत कळवायचे? आणि सोसलेच नाही तर पुढचा मार्ग कोणता?

इंग्रजी अडत असेल तर गप्प बसू नका. इथल्या रुग्णांच्या हक्कांच्या संहितेप्रमाणे, गरज असेल तिथे आणि शक्य असेल तेव्हा जाणकार दुभाषा मिळण्याचा तुम्हाला हक्क आहे. नातवंडाला मध्ये घालण्यापेक्षा ते बरे. आजीच्या सगळ्या तक्रारी नातवाला सांगवत नाहीत.

बदलापूर्वीचे पंधरा दिवस आणि नंतरचे तीन महिने एका वहीत लिहून ठेवा: सकाळी सांधे किती वेळ आखडतात, झोप कशी, जुलाब किती वेळा, नवा चट्टा उठला का. औषधाच्या डब्यावरचे नाव व बॅचचा नंबरही लिहा. आधीची नोंद असली की खरा त्रास कोणता आणि भीतीचा कोणता हे डॉक्टरांना, आणि तुम्हालाही, कळेल. चट्टे, धाप, ओठ-तोंड सुजणे, ताप यांपैकी काही झाले तर थांबू नका, लगेच दवाखाना गाठा. त्रासाची नोंद डॉक्टर मेडसेफकडे करू शकतात. रुग्णालाही ती स्वतः करता येते.

आणि इंजेक्शन आपल्या मनाने कधीही बंद करू नका. नव्या नावाच्या औषधाने नुकसान झालेले फार थोडे भेटतील. औषधच सोडल्याने सांधे वाकडे झालेले, नजर गेलेले जास्त भेटतील. डब्यावरचे नाव बदलले तरी दर वेळी वेळेवर टोचून घेणे, ही आपल्या हातातली गोष्ट आहे. ती सोडू नका.